तारेखाली घेतलेली दिशा

"साहेब, हे बघा घर. ही बघा तार. आता अजून काय पाह्यजे तुम्हाला?"

फौजदारांनी छडी वर केली. समोरच्या धाब्याच्या घरावर दोन बांबू उभे होते आणि त्यांच्यामध्ये तांब्याची लांब तार ताणलेली होती. दोन्ही टोकांना पांढऱ्या चिनी मातीचे गुटके होते. तिथून एक पदर खिडकीतून आत गेला होता. हळदणकर साहेबांनी मान वर करून ती तार बराच वेळ पाहिली.

"छान बांधली आहे," ते म्हणाले.

फौजदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

आणीबाणीचा काळ होता. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा झाला नव्हता, हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावरचं हे गाव. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरासमोर आम्ही उभे होतो त्या वाहुळे गुरुजींचे लोक अजून तिथं राहतात, आणि ही गोष्ट कुणाला सांगायची ते त्यांनी ठरवावं.

मी तेव्हा वायरलेस मॉनिटरिंगमध्ये ज्युनिअर होतो. मॉनिटरिंग म्हणजे रेडिओलहरींवर पहारा. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कोण बोलतं, परवान्याने बोलतं की चोरून, कुणाच्या यंत्रामुळे दुसऱ्याच्या संदेशात व्यत्यय येतो, हे ऐकायचं आणि त्याची जागा शोधून काढायची. हळदणकर साहेब आमचे इंजिनिअर. मूळचे कोकणातले, उमेदीची वर्षं किनाऱ्यावरच्या स्टेशनात काढलेले. मी अंबडचा, म्हणून त्यांनी या कामाला मला बरोबर घेतलं. "माणसं काय बोलतात ते तुम्ही समजून घ्या, तळेकर. बाकीचं मी ऐकतो," असं निघताना म्हणाले होते.

भानगड अशी होती. पोलीस ठाण्याच्या वायरलेस सेटवर काही दिवसांपासून टकटक ऐकू येत होती. संध्याकाळी सुरू व्हायची आणि सकाळी शाळेच्या वेळेच्या सुमारास थांबायची. टक, टक, टक. मध्येच एखादी गाळलेली. मध्येच दोन-तीन अगदी बारीक, मग पुन्हा मोठी. ठाण्यातल्या ऑपरेटरला मोर्स येत होतं. मोर्स म्हणजे तारऑफिसची भाषा. आखूड आवाज तो डॉट, लांब आवाज तो डॅश, आणि त्यांच्या जुळणीतून अक्षरं. त्याने ती टकटक मोर्स म्हणून वाचायला घेतली आणि खरोखरच अक्षरं निघाली. त्यांचा अर्थ मात्र लागेना. अर्थ लागत नाही म्हणजे सांकेतिक भाषा असणार, असं ठाण्याने ठरवलं. सांकेतिक भाषा म्हणजे कुणीतरी लपून ट्रान्समीटर चालवतं आहे.

मग फौजदार स्वतःचा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. रस्त्याने जातील तिथं टकटक होतीच. पण या गावात ती मोठी झाली आणि पोस्टाजवळ सगळ्यात मोठी. पोस्टाला लागूनच वाहुळे गुरुजींचं घर. घरावर तार. आत घरी जुळवलेला तीन वाल्वचा रेडिओ.

गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. लांबलांबच्या देशांची स्टेशनं ऐकायचा त्यांना नाद होता, त्यासाठी त्यांनी तो सेट बांधला होता. तेव्हा रेडिओ नुसता ऐकायलाही पोस्टाचं लायसन्स लागायचं, तेही त्यांच्याकडे होतं. फौजदारांनी रेडिओ जप्त केला. टकटक चालूच राहिली.

"म्हणजे दुसरा सेट हाय," फौजदार आम्हाला समजावून सांगत होते. "लपवून ठेवलाय. आम्ही आड उपसला, कणगी उलटी केली. न्हाई सापडला. बिलकुल हुशार माणूस. पुस्तकं बी लय हायेत त्याच्याकडं."

"पुस्तकांचा काय संबंध?" साहेबांनी विचारलं.

"संबंध न्हाई. आपलं बोलून ठेवलं."

"रविवारी टकटक कधी थांबते?"

"रोजच्याच टायमाला."

"रविवारी तर शाळा नसते."

"रविवारी तो विहारात वंदनेला जातो. सगळं बराबर बसतंय बघा."

सगळंच बसायला लागलं की साहेब गप्प होत असत.

शाळेने गुरुजींना 'तूर्त येऊ नका' असं कळवलं होतं. आमच्या रिपोर्टची वाट पाहणं चालू होतं. रिपोर्टमध्ये या गावाचं नाव आलं असतं तर गुरुजींना स्थानबद्ध करायला वेळ लागला नसता. त्या दिवसांत आत गेलेला माणूस बाहेर कधी येईल हे कुणी सांगू शकत नसे. नोकरी तर गेलीच असती, आणि घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं. आम्हाला उद्या दुपारपर्यंत कागद द्यायचा होता, कारण फौजदारांचे वरिष्ठ परवा यायचे होते.

एवढ्यात गुरुजी दारात आले. सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट.

"जय भीम, साहेब. बसा म्हणलो असतो, पण झडतीत खुर्ची मोडली. दुसरी न्हाई."

"जय भीम," साहेब म्हणाले. "तार तुम्ही बांधलीत?"

"मीच. चुकलं का काही?"

"पोस्टात टेलिफोनची तार येते, तिच्या फार जवळ गेली आहे, आणि तिला समांतर. तेवढं सोडलं तर काही चुकलं नाही."

"मला बी वाटायचं, खरखर जास्त येऊन राह्यली म्हणून."

"साहेब, त्याच्याशी टेक्निकल बोलू नका," फौजदार म्हणाले.

आता थोडं आमच्या धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रेडिओचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे शोधायच्या विद्येला आम्ही डीएफ म्हणायचो. त्याचं मुख्य साधन म्हणजे लूप. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तार, एवढंच. ही चौकट स्टेशनकडे कड करून उभी केली की आवाज सगळ्यात मोठा येतो. फिरवत नेऊन तिचा चेहरा स्टेशनकडे केला की आवाज बुडतो. या बुडण्याला आम्ही नल म्हणायचो. दिशा नेहमी नलवरून घ्यायची. मोठा आवाज कुठं सगळ्यात मोठा आहे हे कानाला नीट ठरवता येत नाही. तो कुठं नाहीसा होतो हे मात्र कान बरोबर सांगतो. वाचकांनी घरच्या ट्रान्झिस्टरवर करून पाहावं. एखादं मीडियम वेव्हचं स्टेशन लावा आणि सेट आडवा गोल फिरवा. एका स्थितीत आवाज पडेल. आतल्या काळ्या कांडीचं टोक तेव्हा स्टेशनकडे असतं.

पण लूपला पुढचं आणि मागचं कळत नाही. त्यातून मिळते ती फक्त एक रेषा. स्टेशन त्या रेषेवर कुठंतरी असतं, जवळ की लांब, पुढे की मागे, ते माहीत नसतं. म्हणून दुसऱ्या जागी जाऊन दुसरी रेषा घ्यायची. दोन रेषा नकाशावर जिथं छेदतात तिथं शोध सुरू करायचा. तिसरी घेतली की बहुधा तीन रेषांचा एक त्रिकोण होतो. त्रिकोण लहान झाला तर काम बरं झालं. मोठा झाला तर कुठंतरी काहीतरी खोटं बोलतं आहे.

विमानात अशाच लूपला सुई जोडलेली असते. ती विमानतळाच्या खुणेच्या स्टेशनकडे वळते आणि ढगातही वैमानिकाला वाट कळते. हवामानवाले फुगे सोडतात, त्यांच्या पोटातल्या लहान ट्रान्समीटरचा पाठलाग करून वरचा वारा मोजतात. साहेब किनाऱ्यावर होते तेव्हा धुक्यात सापडलेली जहाजं त्यांना दिशा विचारत. एकदा एका कप्तानाने सारखं विचारलं, मी कुठं आहे ते सांगा. साहेबांच्या स्टेशनकडे एकच रेषा होती. त्यांनी कप्तानाला रेषाच सांगितली, आणि दुसऱ्या स्टेशनची रेषा येईपर्यंत इंजिन मंद ठेवायला सांगितलं. कप्तान चिडला. साहेब म्हणाले, त्याला बिंदू हवा होता आणि माझ्याकडे बिंदू नव्हता, मग देऊ कुठून? हे त्यांच्याकडून ऐकलेलं. पुढे काय झालं ते मी कधीतरी विचारणार होतो. या चैत्रात साहेब गेले. आता लिहिताना असा एखादा तपशील आडवा आला की मी थांबतो आणि त्या दिवशी पुढे लिहवत नाही.

असो. त्या सकाळी टकटक अजून चालू होती. आमचा ड्रायव्हर गनीभाई याने जीप गावाबाहेर रस्त्याच्या कडेला लावली. जीपच्या पत्र्यामुळे लहरी वाकतात, म्हणून जीपपासून लांब तिवई उभी केली. वर लूप, खाली अंश कोरलेली पितळी तबकडी. मी कानाला हेडफोन लावले.

सलग चालणाऱ्या स्टेशनचा नल शोधणं सोपं असतं. इथं नुसती टकटक. लूप किंचित फिरवायची, थांबायचं, पुढची टक ऐकायची, पुन्हा किंचित फिरवायची. मी घाई केली की साहेब नुसतं बोट वर करीत. शेवटी आवाज पडला. पूर्ण नाही, पण पडला. रेषा रस्त्याला धरून सरळ गावात जात होती, पोस्टावरून.

"झालं मंग," फौजदार म्हणाले. "लिहा."

मी नकाशावर पट्टी ठेवली होती.

"तळेकर, परभणी घ्या," साहेब म्हणाले.

परभणीचं रेडिओ केंद्र तेव्हा आमच्या सगळ्या भागात ऐकू यायचं. सकाळची गाणी चालू होती. अनोळखी आवाजाची दिशा घेण्याआधी ओळखीच्या स्टेशनची दिशा घ्यायची, ही साहेबांची पद्धत. ओळखीचं स्टेशन नकाशावर जिथं आहे तिथंच लूप दाखवते का? दाखवत असेल तर जागा विश्वासाची. पुष्कळ लोक हे करत नसत. घाईत तर कुणीच नाही. यंत्राची परीक्षा सगळे घेतात, साहेब जागेची घेत.

मी परभणी घेतली. पुन्हा घेतली. मग साहेबांकडे पाहिलं.

"फौजदार साहेब, परभणी कुठं आली?" त्यांनी विचारलं.

फौजदारांनी छडीने पूर्वेकडे दाखवलं. "तिकडं. माझी सासुरवाडी हाय."

"इकडे या. हे हेडफोन घ्या. तळेकर, त्यांना लूप फिरवू द्या. आवाज कुठं पडतो ते सांगा."

फौजदारांनी टोपी काढून काखेत धरली आणि लूप फिरवली. मन लावून फिरवली, हे मला सांगितलं पाहिजे. थांबले तेव्हा तबकडीवरचा काटा रस्त्याच्या रेषेत होता, अंबडच्या वाटेवर.

"असं कसं?" ते म्हणाले.

"सासऱ्यांना कळवा, गाव हललं म्हणून."

गनीभाई तोंड फिरवून हसला. फौजदारांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

साहेबांनी वर बोट दाखवलं. आमच्या डोक्यावरून टेलिफोनच्या तारा जात होत्या, खांबाखांबाने, रस्त्याच्या कडेकडेने, ठाण्यापासून या गावच्या पोस्टापर्यंत. "लांब तारेवर कुठलीही लहर आली की ती तारेत शिरते, तारेने वाहते आणि तारेतूनच पुन्हा बाहेर पडते. इथं उभं राहिलं की सगळं जग तारेतूनच बोलतं असं वाटतं. परभणीही आणि तुमची टकटकही. तुमचा ट्रान्झिस्टर रस्त्याने लांबपर्यंत वाजत होता तो म्हणूनच. पोस्टापाशी तार संपते आणि घरांच्या भिंतीपर्यंत खाली उतरते. म्हणून तिथं आवाज सगळ्यात मोठा."

"मंग ट्रान्समीटर कुठं हाय?"

"ते मला माहीत नाही. या जागेवरून कुणालाच कळणार नाही."

तेवढ्यात टकटक थांबली. गुरुजी तिथूनही दिसत होते, आपल्या ओट्यावर दाणे निवडत बसलेले. फौजदारांनीही तिकडे पाहिलं. "बायकोला शिकवून ठेवलं असंल," ते म्हणाले, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

दुपारी आम्ही ठाण्यात ऑपरेटरला भेटलो. तरुण माणूस, कामात चोख. साहेब त्याच्याशी फार आदराने बोलले.

"मी सकाळी ऐकलं तेव्हा सगळ्या टका सारख्याच आखूड होत्या. तुम्हाला डॅश कुठं मिळाला?"

"जिथं टक गाळली जाती, तिथं डॅश धरला, सर."

"म्हणजे जिथं काहीच ऐकू आलं नाही, ते तुम्ही लिहून घेतलंत."

"व्हय सर. तसंच झालं की."

"बरं झालं सांगितलंत," साहेब म्हणाले. हाताने चालवलेल्या मोर्सच्या किल्लीत डॅश नसतो असं होत नाही. यंत्र मात्र नुसत्या टका मारू शकतं. एवढं त्या बोलण्यातून निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्ता सोडला. तिवई मी घेतली, लूप साहेबांनी, जड बॅटरी गनीभाईने खांद्यावर. काळ्या रानात शाळू गुडघ्यापर्यंत आला होता आणि दवाने पार भिजला होता. थोड्याच वेळात सगळ्यांच्या विजारी मांडीपर्यंत ओल्या झाल्या. फौजदारांच्या बुटांना चिखलाचे लोंदे लागले. "साहेब, जीपमधून न्हाई का होत हे?" त्यांनी विचारलं. "होतं," साहेब म्हणाले, "पण चुकीचं होतं." त्यांचं वय तेव्हा निवृत्तीला टेकलेलं होतं. लूप कुठं घासू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि बांधावरून उतरताना आधी पायाने जमीन चाचपत होते.

तारांपासून चांगलं लांब गेल्यावर तिवई रोवली. मी परभणी घेतली. ती पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकून, नकाशात होती तिथंच आली. मी फौजदारांना हेडफोन दिले. त्यांनी ऐकलं, तबकडी पाहिली आणि म्हणाले, "आली जाग्यावर."

मग टकटक. या वेळी आवाज नुसता पडला नाही, पार बुडाला. रेषा गावाकडे गेलीच नाही. ती गाव डावीकडे टाकून रस्त्यापलीकडे पिंपळगावच्या अंगाला गेली. आम्ही तिवई उचलली, बरंच चालून दुसरी जागा धरली, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणी आधी परभणी, मग टकटक. नकाशावर त्रिकोण झाला. फार लहान नव्हता, दोन-चार शेतं त्यात बसली असती. पण गुरुजींचं घर त्याच्या आसपासही नव्हतं.

फौजदार नकाशावर वाकले आणि सरळ झाले.

"साहेब, हा तर आण्णांचा मोसंबीचा मळा हाय."

"असेल."

"बडं घर हाय. तिथं कशाला कोण ट्रान्समीटर ठेवंल?"

"मी घर सांगत नाही. तीन रेषा आहेत, त्या इथं भेटतात. काल या रेषा गुरुजींच्या घरावर भेटल्या असत्या तर आपण गेलो असतो ना?"

फौजदारांनी छडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चला मंग," ते म्हणाले. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो इथपासून. ते नाही म्हणू शकले असते.

मळ्यापाशी पोहोचलो तेव्हा लूपची गरजच उरली नाही. टक उघड्या कानांना ऐकू येत होती. लिंबाच्या झाडाला एक लोखंडी पेटी टांगलेली, खाली मोटारीची बॅटरी, आणि पेटीतून निघालेली उघडी तार चारी बाजूंनी मळ्याला वेढा घालून गेलेली. आण्णा स्वतः आले. भरदार मिशा, हातात तांब्या.

"या या. कुंपण बघायला आलाव का? पुतण्यानं मुंबईहून आणलंय. रानडुकरं आन् रोही लय नासधूस करून राह्यले होते. हात लावला की नुसता झटका. जनावर मरत न्हाई, दचकून पळतंय."

गनीभाईने बोटाने लांबूनच तार दाखवली. "साब, वो देखो." तारेखाली गवत माजलं होतं. काही पाती तारेला टेकली होती. दर टकेला ओल्या पात्यावर एक बारीक निळी ठिणगी उडत होती. वारा आला की पाती हलायची, एखादी ठिणगी चुकायची, एखादी मोठी व्हायची. ऑपरेटरची अक्षरं इथं तयार होत होती.

ठिणगी म्हणजे एक अगदी गबाळा ट्रान्समीटरच. ती जवळजवळ सगळ्याच फ्रिक्वेन्सींवर थोडीथोडी वाजते. मळ्याची एक लांब बाजू रस्त्याला लागून होती आणि कुंपणाची तार तिथं टेलिफोनच्या तारांखालून बरीच लांब समांतर गेली होती. ठिणगीचा आवाज कुंपणातून टेलिफोनच्या तारेत चढायचा आणि एकीकडे ठाण्यात, दुसरीकडे पोस्टात उतरायचा.

"हे चालू कधी करता, बंद कधी करता?" साहेबांनी विचारलं.

"दिस मावळला की गडी लावतो. सकाळी झाडांमधला कापूस वेचायला बाया आल्या की काढतो. न्हाईतर बाया बोंबलतात."

बाया यायची वेळ आणि शाळेची वेळ एकच होती. रविवारीही.

फौजदारांनी खिशातला ट्रान्झिस्टर काढून लावला. पेटीत टक, ट्रान्झिस्टरमध्ये टक. त्यांनी कितीतरी वेळ ते ऐकलं. मग म्हणाले, "ही काय भाषा झाली?"

"डुक्कर को समझती है, साब," गनीभाई म्हणाला. फौजदार रागावले नाहीत.

मला वाटलं संपलं. साहेबांना तसं वाटलं नाही. "दोन गोष्टी एका वेळी होतात, एवढंच आपण पाहिलं," ते म्हणाले. त्यांनी मला बॅटरीपाशी ठेवलं, घड्याळं जुळवली, आणि मी वाटेल तेव्हा तार काढायची, वाटेल तेव्हा लावायची, फक्त वेळा लक्षात ठेवायच्या, असं सांगितलं. ते फौजदारांना घेऊन ठाण्यात जाऊन बसले. ऑपरेटरला काहीच सांगितलं नव्हतं. तो सेटवर बसून नुसता म्हणत होता, थांबली, लागली, थांबली. परत आल्यावर वेळा पडताळल्या. एकही चुकली नव्हती. मध्ये, म्हणे, एकदा 'लागली' म्हणायला ऑपरेटर जरा थांबला तेव्हा फौजदारांनी श्वास रोखून धरला होता. हे मला साहेबांनी हसत सांगितलं.

रिपोर्ट ठाण्यातच लिहिला. व्यत्ययाचं कारण, जागा, पडताळणी. फौजदारांनी तो वाचला आणि खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, अजून एक ओळ टाका. वाहुळे गुरुजी निर्दोष हायेत म्हणून. माझं बी काम सोपं होतंय."

"ते मी लिहिणार नाही."

मी चमकलो. एवढा चिखल तुडवला तो कशासाठी?

"माझ्या यंत्राने गुरुजींना मोजलेलं नाही," साहेब म्हणाले. "टकटक मोजली. आज मी एखाद्याला निर्दोष लिहिलं, तर उद्या कुणीतरी लूप घेऊन एखाद्याला दोषी लिहील, आणि माझाच दाखला देईल. संशय तुम्ही घेतलात. तुम्हीच तो लेखी मागे घ्या. तुमच्या सहीला वजन आहे."

फौजदारांनी दौत जवळ घेतली. मग त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यांनी लिहिलं ते आमच्या रिपोर्टपेक्षा लांब होतं. मी नंतर पुष्कळ रिपोर्ट पाहिले, पण चूक एवढ्या सरळ भाषेत कबूल करणारा पोलिसाचा कागद दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी फौजदार जप्त केलेला रेडिओ घेऊन स्वतः गुरुजींच्या घरी गेले. आम्हीही होतो. गुरुजींनी सेट उघडून वाल्व तपासले. तिन्ही शाबूत होते.

"गुरुजी, सोमवारपासून शाळेत जावा," फौजदार म्हणाले. "मी हेडमास्तरांना सांगून आल्तो."

"आडातलं पाणी अजून गढूळच हाय," गुरुजी म्हणाले.

"दोन माणसं लावतो उद्या. गाळ काढून देतो."

"आन् खुर्ची?"

"खुर्ची बी."

गुरुजी मग हसले आणि आत चहाला सांगितलं. त्यांच्या बायकोने चहा आणला तेव्हा तिने कुणाकडे पाहिलं नाही. कप ठेवले आणि गेली. तिचा राग उतरायला पुढे किती दिवस लागले असतील, ते आमच्या कुठल्याच तबकडीवर येणारं नव्हतं.

या कामातून मी शिकलो ते साधं आहे. आवाज जिथं मोठा ऐकू येतो तिथूनच तो निघाला असेल असं नाही. आणि मोजायच्या आधी आपण उभे कुठं आहोत ते पाहावं. पुढे मला इंजिनिअर होऊन स्वतःची माणसं मिळाली, तेव्हा त्यांना शिकवायला माझ्याकडे याच्यापेक्षा फारसं जास्त नव्हतं.

मळ्याचा बंदोबस्त सोपा होता. आण्णांनी रस्त्याकडची कुंपणाची बाजू झाडांच्या दोन ओळी आत घेतली आणि तारेखालचं सगळं गवत बायांकडून खुरपून काढलं. टकटक थांबली. आम्ही तसं कळवलं. काही दिवसांनी मुख्य कचेरीतून विचारणा आली. व्यत्यय दूर करण्यासाठी योजलेला उपाय या रकान्यात आपण 'खुरपणी' असं लिहिलं आहे, हा तांत्रिक उपाय समजायचा काय?

साहेबांनी खाली एका शब्दात उत्तर लिहिलं, "होय," आणि सही केली.